मेंदूतील 'साधी' गाठ : घाबरू नका, पण वेळही दवडू नका

डोके कधीच दुखले नाही असा माणूस शोधूनही सापडणार नाही. उन्हातून आल्यावर डोके दुखते, उपाशी राहिल्यावर दुखते, जागरण झाल्यावर दुखते आणि चष्म्याचा नंबर वाढला तरी दुखते. घरोघरी त्यावर ठरलेले उत्तर असते, 'पित्त झाले असेल'. बहुतेक वेळा या उत्तराने फारसे बिघडत नाही. मात्र क्वचित एखाद्या रुग्णाच्या बाबतीत हे उत्तर वर्षानुवर्षे पुरवले जाते आणि त्या काळात कवटीच्या आत एक गाठ कणाकणाने वाढत राहते.

पुढे कधीतरी एमआरआय होतो. अहवालात 'मेंदूत गाठ' हे शब्द दिसताच कुटुंबाच्या पायाखालची जमीन सरकते. गाठ म्हणजे कर्करोग आणि कर्करोग म्हणजे शेवट, असे समीकरण मनात पक्के बसलेले असते. डॉक्टर धीर देतात, 'गाठ साधी आहे, कर्करोगाची नाही.' आणि इथेच अनेकदा दुसरी चूक घडते. साधी आहे ना, मग बघू पुढे, असे म्हणून रुग्ण घरी परततो आणि पुन्हा फिरकत नाही. पहिली चूक भीतीपोटी होते आणि दुसरी निष्काळजीपणामुळे. मेंदूतील साध्या गाठींच्या बाबतीत या दोन्ही चुका टाळणे म्हणजे अर्धी लढाई जिंकणे होय.

साधी गाठ म्हणजे काय?

पेशींची अनावश्यक वाढ होऊन जो गोळा तयार होतो त्याला आपण गाठ म्हणतो. कर्करोगाची गाठ वेगाने वाढते, शेजारच्या पेशींमध्ये घुसते आणि बहुतेक अवयवांच्या बाबतीत शरीरात अन्यत्र पसरते. साध्या गाठीच्या पेशी बऱ्याच अंशी मूळ पेशींसारख्याच दिसतात, त्या हळूहळू वाढतात आणि शेजारच्या अवयवाला पोखरण्याऐवजी बाजूला सारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मेंदूच्या गाठींना १ ते ४ अशा श्रेणी दिल्या जातात. साध्या गाठी प्रामुख्याने पहिल्या श्रेणीत येतात.

डोक्याच्या कातडीखाली हाताला लागणारे आवाळू किंवा चरबीची गाठ ही वेगळी बाब आहे. ती कवटीच्या बाहेर असते आणि मेंदूशी तिचा सहसा संबंध नसतो. या लेखात आपण कवटीच्या आतील गाठींचा विचार करणार आहोत.

या गाठी वाटतात तितक्या दुर्मिळ नाहीत. अमेरिकेतील राष्ट्रीय नोंदींनुसार मेंदू, त्याची आवरणे व लगतच्या भागांत सुरू होणाऱ्या गाठींपैकी सुमारे ७० टक्के गाठी कर्करोगाच्या नसतात. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे कोणतीही तक्रार नसलेल्या सुमारे दोन हजार मध्यमवयीन व वृद्ध नागरिकांच्या मेंदूचा एमआरआय करण्यात आला होता. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ०.९ टक्के लोकांच्या मेंदूच्या आवरणात साधी गाठ आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ एकजण अशी गाठ घेऊन वावरत होता आणि त्याला तिचा पत्ताही नव्हता.

बंद पेटीतला पाहुणा

मग साधी गाठ धोकादायक का ठरते? याचे उत्तर कवटीच्या रचनेत आहे. पोटात गाठ वाढली तर पोट पुढे येते, मानेत वाढली तर मान सुजते. कवटी मात्र हाडांची बंद पेटी आहे. या पेटीत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवती फिरणारा पाण्यासारखा द्रव एवढ्यांचीच सोय असते. चौथा पाहुणा आला की या तिघांना सरकून जागा द्यावी लागते. प्रथम द्रव बाजूला होतो, मग थोडे रक्त. म्हणूनच हळू वाढणारी गाठ बरीच मोठी होईपर्यंत रुग्णाला काहीच जाणवत नाही. जागा संपली, की मात्र थोड्याशा वाढीनेही कवटीतील दाब झपाट्याने चढतो. 'कालपर्यंत तर ठणठणीत होता' असे नातेवाईक सांगतात ते याचमुळे.

दुसरे कारण गाठीचे ठिकाण. दृष्टीच्या नसेलगतची हरभऱ्याएवढी गाठ नजर हिरावू शकते, तर कपाळामागच्या भागातील लिंबाएवढी गाठ कित्येक वर्षे गप्प राहू शकते. त्यामुळे मेंदूच्या गाठीत 'केवढी' याइतकाच 'कुठे' हा प्रश्नही महत्त्वाचा असतो.

प्रमुख प्रकार

मेंदूच्या आवरणातून निघणाऱ्या गाठीला मेनिंजिओमा म्हणतात. हे नाव अमेरिकी मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९२२ साली रूढ केले. कवटीतील साध्या गाठींमध्ये हा प्रकार सर्वाधिक आढळतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि चाळिशीनंतर त्याचे प्रमाण अधिक असते. अनेक गाठी वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर एवढ्याच वाढतात. थोड्या रुग्णांमध्ये हीच गाठ वरच्या श्रेणीची म्हणजे अधिक आक्रमक निघते. म्हणून काढलेल्या गाठीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी टाळता येत नाही.

दुसरा प्रकार पियूषिका म्हणजे पिट्युटरी ग्रंथीच्या गाठींचा. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागच्या बाजूला असलेली ही वाटाण्याएवढी ग्रंथी शरीरातील इतर अनेक ग्रंथींवर हुकमत गाजवते. तिच्यात गाठ झाली की दोन प्रकारे त्रास होतो. एकतर एखादे संप्रेरक जास्त प्रमाणात स्रवू लागते, किंवा गाठ मोठी होऊन वरून जाणाऱ्या दृष्टीच्या नसांना दाबते.

तिसरा प्रकार कानाच्या नसेवरील गाठीचा. तिला अकूस्टिक न्यूरोमा या जुन्या नावाने अजूनही ओळखले जाते. ऐकणे आणि तोल सांभाळणे या दोन्हींशी संबंधित नसेवर ती वाढते आणि चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस तिला अगदी चिकटून असते.

याखेरीज लहान मुलांत व प्रौढांत पियूषिकेच्या वरच्या भागात आढळणारा क्रॅनिओफॅरिंजिओमा, जन्मतःच कातडीच्या पेशी आत अडकून राहिल्याने होणारी एपिडरमॉइड गाठ आणि मेंदूतील द्रवाच्या वाटेवर बसणारी कोलॉइड सिस्ट असे काही कमी आढळणारे प्रकार आहेत. कोलॉइड सिस्ट लहान असली तरी द्रवाची वाट अचानक बंद करू शकते. त्यामुळे तिच्याबाबत विशेष सावध राहावे लागते.

लक्षणांची सोंगे

साध्या गाठीची लक्षणे नेहमीच्या तक्रारींचे सोंग घेऊन येतात, ही त्यांची खरी अडचण आहे. प्रत्येक सोंगाला घरात एक तयार स्पष्टीकरण असते आणि तेच निदानाच्या आड येते.

डोकेदुखी हे सर्वांना ठाऊक असलेले लक्षण. पण केवळ डोकेदुखी आहे म्हणून गाठ असण्याची शक्यता फार कमी असते. डोकेदुखीचे बहुसंख्य रुग्ण अर्धशिशीचे किंवा ताणाचे असतात. पहाटे झोपेतून उठवणारी, खोकताना, शिंकताना किंवा वाकल्यावर वाढणारी, उलटी झाल्यावर थोडी उतरणारी आणि आठवड्यागणिक वाढत जाणारी डोकेदुखी मात्र तपासायलाच हवी. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली किंवा नेहमीचे स्वरूप बदललेली डोकेदुखीही याच वर्गात मोडते.

मोठेपणी प्रथमच आलेली फिट हे दुसरे महत्त्वाचे लक्षण. संपूर्ण अंग झटके देते तेव्हा ते लगेच लक्षात येते. पण कधी केवळ एका हाताला किंवा तोंडाच्या एका बाजूला काही सेकंद झटके येतात, कधी क्षणभर बोलणे अडते, कधी नसलेला वास येतो. हीदेखील फिटच असते. अशा वेळी कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे, दातांत चमचा घालणे यांचा उपयोग नाही, उलट इजा होते. रुग्णाला एका कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात काहीही घालू नये आणि फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीने रुग्णालय गाठावे. 'बाहेरचे काही' म्हणून देवऋषाकडे धाव घेण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

नजरेची तक्रार हे तिसरे सोंग. पियूषिकेच्या गाठीत दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूचे दिसेनासे होते. समोरचे अक्षर स्पष्ट वाचता येते, पण बाजूने येणारी मोटारसायकल दिसत नाही, दाराच्या चौकटीला खांदा लागतो. रुग्ण चष्मा बदलतो, मोतीबिंदूची चौकशी करतो. नवा चष्मा लावूनही नजर सुधारत नसेल, तर चष्म्यापलीकडचे कारण शोधणे आवश्यक असते. दृष्टीची नस दीर्घकाळ दबून सुकली, की पुढे गाठ निघूनही गेलेली नजर पूर्ण परतेलच असे नाही. साध्या गाठीतील विलंबाची सर्वांत मोठी किंमत हीच असते.

कानाचे असेच आहे. वयोमानानुसार येणारे बहिरेपण सहसा दोन्ही कानांत सारखे असते. एकाच कानाने कमी ऐकू येऊ लागले, फोन नकळत दुसऱ्या कानाला लावला जाऊ लागला, त्या कानात सतत गुणगुण होऊ लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर नुसता मळ काढून थांबू नये.

संप्रेरकांमुळे दिसणारी लक्षणे तर सर्वांत फसवी. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढले की स्त्रीची पाळी अनियमित होते किंवा थांबते, गरोदर नसतानाही स्तनांतून दूध येते, मूल राहत नाही. लग्नाला चार-पाच वर्षे झालेल्या अशा स्त्रीला घरचे दोष देतात, नवस बोलले जातात आणि रक्ताची एक साधी चाचणी मात्र राहून जाते. पुरुषांत हेच संप्रेरक कामेच्छा कमी करते आणि संकोचामुळे तो कोणालाच काही सांगत नाही. वाढीचे संप्रेरक जास्त झाल्यास प्रौढपणी चपलेचा नंबर वाढतो, बोटातली अंगठी घट्ट होते, जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात. हा बदल इतका सावकाश होतो की रोज पाहणाऱ्या घरच्यांना तो दिसत नाही, दहा वर्षांपूर्वीचे छायाचित्र शेजारी ठेवले की चटकन लक्षात येतो. कॉर्टिसॉल वाढल्यास चेहरा गोल होतो, पोट सुटते, हातपाय बारीक होतात आणि रक्तदाब व साखर दोन्ही वाढतात.

शेवटचे सोंग स्वभावातील बदलाचे. कपाळामागच्या भागातील मोठी गाठ माणसाला उदासीन, हट्टी किंवा बेफिकीर बनवते. हिशेबात चोख असणारे आजोबा घोटाळे करू लागतात, अंघोळीची टाळाटाळ करतात, वास येत नाही म्हणतात. घरचे म्हणतात, 'वय झाले.' काही महिन्यांत झालेला असा बदल केवळ वयावर ढकलणे योग्य नव्हे.

जिल्ह्याचे चित्र

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. सह्याद्रीतील अकोल्यापासून बीडच्या सीमेवरील जामखेडपर्यंत तो पसरला आहे. एकेकाळी मेंदूची साधी तपासणी करायची तरी पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. आज चित्र बदलले आहे. लोणी येथे १९८४ साली सुरू झालेले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, विळद घाटातील विखे पाटील वैद्यकीय महाविद्यालय, शिर्डीचे साईबाबा संस्थानचे रुग्णालय आणि नगर शहरातील मोठी रुग्णालये यांमुळे सीटी स्कॅन, एमआरआय आणि तज्ज्ञांचा सल्ला जिल्ह्यातच मिळू शकतो. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी सुमारे १२० किलोमीटरवरील पुणे, त्याखेरीज नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबई हे पर्याय आहेतच.

यंत्रे आली, तरी पहिल्या लक्षणापासून यंत्रापर्यंतचे अंतर अजून मोठे आहे. समजा, पाथर्डीकडची एक ऊसतोड कामगार महिला आहे. दिवाळीच्या सुमारास कुटुंब तोडणीला निघते आणि थेट उन्हाळ्यात परतते. पहिली फिट एका कारखान्याच्या फडावर येते, तिथे सुई टोचून घेतली जाते. दुसरी तीन महिन्यांनी भलत्याच गावी येते. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर नवा, कागद हरवलेला, आणि दोन घटनांचा सांधा जोडणारा कोणीच नाही. शहरात, सावेडीतल्या एखाद्या नोकरदाराचेही फार वेगळे नसते. डोळ्यांचा डॉक्टर एक, कानाचा दुसरा, साखरेचा तिसरा, आणि तिन्ही तक्रारी एकत्र ऐकणारा कुटुंबाचा डॉक्टर मात्र उरलेला नाही.

यावर उत्तरही याच जिल्ह्याने एका वेगळ्या संदर्भात दिले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, अनेकदा निरक्षर असलेल्या महिलांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या कार्यासाठी दोघांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो प्रकल्प मेंदूच्या शस्त्रक्रियांचा नव्हता. पण योग्य ते पाहायला शिकवले, तर सामान्य माणूसही रोगाची चाहूल वेळेत ओळखू शकतो, हे त्याने सिद्ध केले. आशा कार्यकर्ती, शिक्षक, चष्म्याच्या दुकानातील तंत्रज्ञ, कानाची तपासणी करणारे आणि घरातली माणसे यांना वर सांगितलेली सोंगे ओळखता आली, तर अनेकांची नजर आणि ऐकू येणे वाचू शकेल. रुग्णानेही सर्व जुने कागद, चिठ्ठ्या व फिल्म एकाच पिशवीत सांभाळून ठेवाव्यात. ही सवय बिनखर्चाची आहे आणि निदानात तिचे मोल मोठे आहे.

निदान कसे होते?

निदानाची सुरुवात यंत्राने होत नाही, ती संवादाने होते. तक्रार कधी सुरू झाली, कशी वाढली, एका बाजूची आहे की दोन्ही, हे डॉक्टर विचारतात. हातापायांची ताकद, तोल, चेहऱ्याची हालचाल, वास व नजर तपासतात. ऑफ्थॅल्मोस्कोप या लहानशा उपकरणाने डोळ्याच्या मागचा पडदा पाहिला, की कवटीतील दाब वाढला आहे का याचा अंदाज येतो. पाच मिनिटांची ही तपासणी तालुक्याच्या गावातही होऊ शकते. गरजेनुसार नजरेच्या कक्षेचा आलेख, दोन्ही कानांची स्वतंत्र श्रवणचाचणी आणि रक्तातील संप्रेरकांची तपासणी केली जाते.

त्यानंतर प्रतिमा तपासण्या. पहिले सीटी स्कॅन ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी एका स्त्री रुग्णाच्या डोक्याचेच करण्यात आले होते आणि तिच्या मेंदूत गाठ असल्याची शंका होती. तोवर गाठीचा अंदाज बव्हंशी आडवाटेने बांधावा लागे. सीटी स्कॅन चटकन होते, रक्तस्राव, हाडातील बदल आणि गाठीत साठलेले कॅल्शियम त्यात चांगले दिसते. पण लहान गाठी, विशेषतः कानाच्या नसेवरील आणि पियूषिकेतील, त्यातून निसटू शकतात. त्यासाठी एमआरआय अधिक भरवशाचा. शिरेतून औषध देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये गाठ उजळून दिसते. मूत्रपिंडाचा विकार, शरीरातील पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असल्यास तपासणीपूर्वी सांगणे अत्यावश्यक आहे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. स्कॅनमध्ये दिसणारा प्रत्येक गोळा ही पेशींची गाठ नसते. फितकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत होणारे फोड आणि क्षयरोगाची गाठ हे दोन्ही विकार भारतात बरेच आढळतात. त्यांच्यामुळेही फिट येते आणि स्कॅनमध्ये ते गाठीसारखेच दिसू शकतात. त्यांवर बहुधा औषधांनीच उपचार होतात. म्हणून अहवालातील एका ओळीवरून घरी निष्कर्ष काढू नये. अहवालासोबत मूळ प्रतिमांची सीडी किंवा फिल्म घेऊन तज्ज्ञांना भेटावे.

उपचार : थांबण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत

गाठ आहे म्हणजे शस्त्रक्रिया हवीच, असे नाही. गाठ लहान असेल, त्रास देत नसेल, रुग्ण वयस्कर असेल, तर तिच्यावर लक्ष ठेवणे हाच उत्तम उपचार ठरू शकतो. सहसा सहा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षाकाठी एमआरआय करून वाढ मोजली जाते. लक्ष ठेवणे म्हणजे विसरून जाणे नव्हे. ठरलेली तारीख पाळणे हा त्या उपचाराचाच भाग आहे.

काही गाठी गोळ्यांनी आटोक्यात येतात. प्रोलॅक्टिन वाढवणाऱ्या पियूषिकेच्या गाठीवर कॅबरगोलिनसारखी औषधे बहुतांश रुग्णांत गुणकारी ठरतात, गाठ आक्रसते, पाळी नियमित होते, दूध येणे थांबते आणि अनेकींना मातृत्व लाभते. मात्र थायरॉइडची कमतरता आणि उलटी थांबवणारी किंवा मनोविकारांवरील काही औषधे यांनीही प्रोलॅक्टिन वाढते. म्हणून आधी कारण निश्चित व्हावे लागते.

मेंदूची सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइड दिले जाते. त्याने रुग्णाला दोन दिवसांत इतके बरे वाटते की गाठच गेली असा समज होतो. गाठ जागेवरच असते. हे औषध स्वतःच्या मनाने चालू ठेवल्यास साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकते. फिटच्या गोळ्यांच्या बाबतीतही हाच नियम. डॉक्टरांच्या सल्ल्याविना त्या थांबवू नयेत.

त्रास देणाऱ्या किंवा वाढत्या गाठीवर शस्त्रक्रिया हा मुख्य उपाय. १८७९ साली ग्लासगो येथे विल्यम मॅकेवन यांनी मेंदूच्या आवरणातील गाठ काढून एका तरुण मुलीला जीवदान दिले, तेव्हा ना स्कॅन होते ना शस्त्रक्रियेसाठीचा सूक्ष्मदर्शक. गाठ कुठे असावी, हे त्यांनी लक्षणांवरून ताडले होते. आज सूक्ष्मदर्शक, संगणकाने वाट दाखवणारी यंत्रणा आणि शस्त्रक्रिया चालू असताना नसांचे काम तपासणारी साधने उपलब्ध आहेत. कवटीचा छोटा भाग उघडून गाठ काढली जाते आणि हाड परत बसवले जाते. पियूषिकेच्या बहुतेक गाठी तर नाकपुडीतून दुर्बीण घालून काढता येतात, डोक्यावर टाकाही पडत नाही. संपूर्ण गाठ काढणे हे उद्दिष्ट असले तरी ती महत्त्वाच्या नसेला किंवा रक्तवाहिनीला चिकटलेली असेल, तर अनुभवी शल्यविशारद तेवढा अंश मागे ठेवणे पसंत करतो. याला अपयश समजू नये. चेहरा वाकडा होण्यापेक्षा गाठीचा लहान तुकडा सांभाळणे अनेकदा हिताचे असते.

तिसरा मार्ग किरणोत्सर्गाचा. गॅमा नाइफ या नावात सुरी असली तरी त्यात कापाकापी नसते. अनेक दिशांनी सोडलेले सूक्ष्म किरण गाठीवर एकवटतात आणि तिची वाढ थांबवतात. स्टॉकहोममध्ये १९६८ साली विकसित झालेले हे तंत्र १९९७ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आले. साधारणतः तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींना किंवा शस्त्रक्रियेनंतर राहिलेल्या अंशाला ते उपयुक्त ठरते. येथे गाठ नाहीशी करण्यापेक्षा ती वाढू न देणे हे यश मानले जाते आणि परिणाम दिसायला काही महिने, कधी वर्षेही लागतात.

निर्णयापूर्वी विचारावेत असे प्रश्न

तातडीची परिस्थिती नसेल तर साध्या गाठीत विचार करायला थोडा अवधी मिळतो. त्याचा उपयोग करावा. गाठ नेमकी कुठे आहे? तिच्यामुळेच माझा त्रास आहे का? उपचार न केल्यास काय होईल? लक्ष ठेवणे, औषध, किरण आणि शस्त्रक्रिया यांपैकी माझ्यासाठी कोणता मार्ग आणि का? नजर, ऐकणे, चेहरा, बोलणे यांना कितपत धोका आहे? अशा गाठींचा तुमचा अनुभव किती? हे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यातही काही गैर नाही. मात्र मते गोळा करण्यात नजर गमावण्याइतका काळ जाऊ देऊ नये.

अचानक तीव्र डोकेदुखी, गुंगी, सततच्या उलट्या, एकाएकी कमी झालेली नजर किंवा न थांबणारी फिट ही मात्र तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी विचारविनिमय नंतर, रुग्णालय आधी.

खर्चाची चिंता

शस्त्रक्रियेच्या खर्चाच्या धास्तीने अनेक रुग्ण घरी बसतात. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी योजना मेंदूच्या शस्त्रक्रियांनाही लागू आहे. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घालण्यात आली असून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. उपचार योजनेतील रुग्णालयातच घ्यावे लागतात आणि शस्त्रक्रियेपूर्वी मंजुरी लागते. त्यामुळे दाखल होण्याआधीच शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे आणि आपला उपचार योजनेत बसतो का, याची खात्री करून घ्यावी.

काही शंका, काही गैरसमज

मोबाइलमुळे मेंदूत गाठ होते का, हा नेहमीचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या व्यापक आढाव्यात मोबाइलचा वापर व मेंदूच्या गाठी यांचा संबंध आढळला नाही. लहानपणी डोक्याला मिळालेला किरणोत्सर्ग आणि काही मोजके आनुवंशिक विकार ही मात्र सिद्ध झालेली कारणे आहेत.

स्त्रियांसाठी एक माहिती महत्त्वाची. सरकारी कार्यक्रमात 'अंतरा' नावाने मिळणाऱ्या गर्भनिरोधक इंजेक्शनात मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक असते. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे इंजेक्शन वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्या स्त्रियांमध्ये शस्त्रक्रिया कराव्या लागणाऱ्या मेनिंजिओमाचे प्रमाण अधिक आढळले. तरीही एकेका स्त्रीच्या बाबतीत हा धोका अत्यल्पच राहतो. त्यामुळे घाबरून इंजेक्शन बंद करू नये. मात्र ज्यांना मेनिंजिओमा आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनी डॉक्टरांना ते आवर्जून सांगून दुसरे साधन निवडावे.

'मेंदूचे ऑपरेशन झाले की माणूस कामातून जातो' हा समज जुन्या काळातला आहे. शस्त्रक्रियेत रक्तस्राव, जंतुसंसर्ग, अशक्तपणा यांचा धोका असतो आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण वेळेत निदान झालेल्या साध्या गाठीचे बहुसंख्य रुग्ण पुन्हा आपल्या शेतात, कचेरीत, स्वयंपाकघरात परततात. काहींना व्यायामोपचारांची, काहींना आयुष्यभर संप्रेरकांच्या गोळ्यांची गरज लागते. फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत वाहन चालवू नये, विहिरीत किंवा तलावात पोहायला उतरू नये. पूर्ण काढलेली गाठही काही वर्षांनी पुन्हा उद्भवू शकते, म्हणून ठरावीक काळाने तपासणी चालू ठेवावी.

साध्या गाठीत वेळ हाती असतो, हे तिच्या रुग्णाचे भाग्य. कर्करोगाच्या रुग्णाला तो तितका मिळत नाही. हा वेळ भीतीत किंवा 'पित्त झाले असेल' म्हणण्यात न घालवता तपासणीसाठी वापरला, तर बहुतेकांच्या बाबतीत गाठीचे नाव केवळ जुन्या कागदांच्या पिशवीत उरते. घरात कोणाची डोकेदुखी बदलली असेल, एका कानाने ऐकू येईनासे झाले असेल, नव्या चष्म्यानेही दिसत नसेल, तर एवढेच करावे. पुढच्या आठवड्यावर न ढकलता डॉक्टरांना दाखवावे आणि सर्व तक्रारी एकाच बैठकीत सांगाव्यात.